बंद कोषातला जीव

संकटात सापडलेला माणूस देवाला फार कमी मागतो. संकट टळावे असे त्याला वाटतेच, पण त्याआधी कुणी तरी आपले ऐकते आहे एवढी खूण त्याला हवी असते. ती खूण मिळाली नाही की तो खचतो.

आमच्या आरमोरीने अलीकडच्या वर्षांत असे दिवस पाहिले. 2020मध्ये कोरोनामुळे मंदिरे, मशिदी, विहार सगळे बंद झाले. रमजान घरात गेला, ईदची नमाजही घरातच झाली. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि उभा धान पाण्याखाली गेला. प्रार्थनास्थळे उघडली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. तोवर माणसे कुलूप लावलेल्या दारांना बाहेरूनच हात जोडत होती.

2021च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. जनाज्याला मोजकी माणसे होती. पुढे कित्येक महिने मी पाच वेळची नमाज पढत होतो, पण भिंतीशी बोलतो आहोत असे वाटायचे. कवितेची एक ओळ सुचत नव्हती.

अशा मनःस्थितीत मला कुराणातल्या 93व्या सूरेचा, ‘अद्-दुहा’चा आधार वाटला. तिच्यामागची हकीकत अशी सांगतात. मक्केत हजरत मुहम्मद पैगंबरांना होणारा ईश्वरी संदेश काही काळ थांबला. विरोधक टोमणे मारू लागले, तुझ्या ईश्वराने तुला टाकले. प्रत्यक्ष पैगंबरांच्या वाट्याला ही शांतता आली, तर आपण कोण? मग ही अकरा आयतींची छोटी सूरा आली. तिच्यात आरंभी शपथ आहे ती चढत्या दिवसाच्या उजेडाची आणि तिच्याबरोबरच निवांत झालेल्या रात्रीचीही. उजेड त्याचा आणि अंधारही त्याचाच. मग धीर दिला आहे, की तुला टाकलेले नाही.

न दिसणाऱ्यावर भरवसा कसा ठेवावा, हे मला आमच्या ढिवर बांधवांकडे पाहून कळले. आरमोरीचा परिसर कोशाच्या रेशमासाठी ओळखला जातो. मासेमारी करणारे ढिवर पावसाळा लागला की जंगलात येनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात. पाखरे, मुंग्या, माकडे यांपासून त्या राखायला झाडाखाली मुक्काम करतात. अळी पाने खाऊन मोठी होते आणि स्वतःभोवती टणक कोष विणते. सुताचे कोष वेगळे काढतात. बियाण्याचे कोष माळा करून सावलीत टांगून ठेवतात. हिवाळा जातो, उन्हाळा तापतो, तरी ते तसेच असतात. आतला जीव खात नाही, पीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका ढिवर मित्राने असा कोष माझ्या हातावर ठेवला. मला तो निव्वळ वाळलेल्या फळासारखा वाटला. तो म्हणाला, “जिवंत आहे भाऊ. पाण्याची वाट पाहून राहिला.” पाऊस जवळ आला की आतले पाखरू आपल्याच लाळेने कोषाचे तोंड मऊ करते आणि बाहेर पडते.

दृष्टान्त फार ताणू नये. काही कोष उन्हाच्या तडाख्याने आतच मरतात, हे माझ्या मित्राला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. माझा भाऊही परत येणार नाही. श्रद्धा ठेवली की सगळे मनासारखे होते असे सांगणारा माणूस दुःखी माणसाला आणखी दुःखी करतो. पण तो ढिवर काय करतो पाहा. आत डोकावायला तो कोष फोडत नाही, आणि हालचाल दिसत नाही म्हणून फेकूनही देत नाही. माळ सावलीत आहे ना, मुंग्या लागल्या नाहीत ना, एवढे रोज बघतो. आमच्याकडे याला तवक्कुल म्हणतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

‘अद्-दुहा’चा शेवटही असाच आहे. धीर दिल्यावर ती सूरा पैगंबरांना त्यांच्या पोरकेपणाची आठवण देते, आणि मग कामाला लावते. अनाथावर जोर करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस, मिळालेल्या कृपेविषयी बोलत राहा. हे वाचताना माझ्या मनात भावाची दोन मुले आली. ती आता आमच्या घरी असतात. मी ज्या उत्तराची वाट पाहत होतो, ते माझ्याच घरात चटईवर अभ्यासाला बसले होते.

ईश्वर म्हणा, अल्लाह म्हणा, तो जवळ आहे याचा पुरावा मी तुम्हाला देऊ शकत नाही. एवढेच सांगतो, की ज्या दिवशी प्रार्थना कोरडी वाटेल त्या दिवशीही ती सोडू नका, आणि उठल्यावर जे काम समोर असेल ते करा. कुणाच्या शेतातला गाळ काढायचा असेल, कुणाच्या पोराची फी भरायची असेल. मुलांच्या वह्यांना कव्हरे घालता घालता मला बऱ्याच दिवसांनी एक ओळ सुचली. ती चांगली की वाईट हे अजून ठरायचे आहे. पण सुचली, हे खरे.