मूत्रपिंडाचा ताळेबंद



"तू नेमकं करतोस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. गुरुजींनी शिकवलेली हौद आणि नळांची गणितं आठवतात ना? माझं काम त्याच जातीचं आहे. फक्त हौदाच्या जागी मूत्रपिंड, म्हणजे आपली किडनी आहे.

दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त जातं. चढ चढताना रक्तदाब वाढतो, झोपेत उतरतो. पण मूत्रपिंडातला प्रवाह त्यामानानं फारसा बदलत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दाब वाढला की गाळणीकडे येणारी बारीक रक्तवाहिनी काही सेकंदांत आपोआप आकसते. शिवाय गाळणीच्या पुढच्या नळीतल्या पेशी तिथवर आलेलं मीठ जोखतात. ते जास्त वाटलं, तर त्याच रक्तवाहिनीला आवळायला लावतात.

गोम अशी की गाळलेलं पाणी त्या पेशींपर्यंत पोचायला वेळ लागतो. निरोप उशिरा मिळतो आणि दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. मग उलटी दुरुस्ती. १९८०च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांना उंदरांच्या मूत्रपिंडात दाब सुमारे अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्यांनी वर-खाली होताना दिसला. समीकरणात हा उशीर धरला की तोच हेलकावा कागदावर उमटतो. उशीर वगळला की नाहीसा होतो.

उशिरा कळण्याची किंमत हिवरे बाजारला वेगळी सांगायला नको. विहीर आटल्यावर पीक बदलून काय उपयोग? म्हणून आपण पाऊस मोजतो, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतो आणि मगच पिकं ठरवतो. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही.

शरीरात मात्र अशी ग्रामसभा भरत नाही. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब आणि साखर ही यंत्रणा बिघडवतात. मग दाब थेट गाळण्यांवर येतो, आणि हे होताना काहीच दुखत नाही. दुसरं म्हणजे, उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वर अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या, हे टाळा. ती रक्तवाहिनी उघडी ठेवणारी शरीरातली द्रव्यंच यातल्या अनेक गोळ्या अडवतात.

आपण सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. रक्तदाब आणि साखर मोजत राहा. वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. गुरुजनांनाही हीच हात जोडून विनंती.