माझी चंद्री गेली, तुमची राहू दे

आज मी माझ्या कोंबडीबद्दल बोलणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

मागच्या वर्षी बचत गटातून पैसे उचलून मी पाच गावठी तलंगा घेतल्या. मी अगदी नवखी. त्यातली ठिपक्यांची चंद्री माझी लाडकी. तांदूळ निवडायला बसले की कणीसाठी थेट मांडीवर यायची.

उन्हाळ्यात बाजारातून एक कोंबडा आणला आणि त्याच रात्री खुराड्यात सोडला. आठवड्यात तो मरगळला. मग चंद्रीनं खाणं सोडलं. तोंड उघडून श्वास घेऊ लागली, हिरवट पातळ हगू लागली, पंख लोंबले, मान वळली. मी हळद दिली, लसूण दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जीव आहे तोवर कापून घे." माझा हात उचलला नाही. तिसऱ्या पहाटे ती माझ्या पदरातच गेली. पाचांतली एकच उरली.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. एकदा झाली की औषध नाही. लस मात्र आहे, ती निरोगी पक्ष्यालाच द्यायची. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याला इंजेक्शन.

मग बायका लस का देत नाहीत? एक बाटली शंभर-शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून आम्ही गटानं दिवस ठरवला. वाडीतल्या सगळ्या घरच्या कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली कोंडल्या आणि पहाटे एका बाटलीत काम उरकलं. खर्च वाटून घेतला.

आणखी तीन गोष्टी. नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि पटापट मरू लागल्या तर लपवू नका, विकू नका, लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता; मर कशाची आहे ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

कोंबडीसाठी रडले म्हणून मला लाज वाटत नाही. उशीर केला, याची वाटते. येत्या गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर एवढंच विचारा : आपल्या वाडीत कोंबड्या किती, आणि लस कधी आणायची?