अणू दिसतो म्हणजे काय?

(बेळगाव येथे शिक्षक, लेखक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मटेरियल सायन्समधला आहे आणि अडचण नावापासूनच सुरू होते. ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द आपण कधीच फिजिक्सला देऊन टाकला. ‘साहित्यविज्ञान’ म्हणावे तर या सभेतले निम्मे लोक वाङ्मयावरचे भाषण म्हणून वही उघडतील. तेव्हा मी मटेरियल सायन्स असेच म्हणणार आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती खास आपल्या भागातली आहे. महाराष्ट्राच्या क्रमिक पुस्तकात ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. कन्नड पुस्तकात ॲटम म्हणजे परमाणू आणि मॉलिक्यूल म्हणजे अणू. हिंदीतही तसेच. म्हणजे निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन मुले, एक मराठी शाळेतले आणि एक कन्नड शाळेतले, ‘पाण्याचा अणू’ म्हणतात तेव्हा एकाचे उत्तर चूक ठरते आणि दुसऱ्याचे बरोबर. वैशेषिकांच्या परंपरेत परमाणू हा अविभाज्य, दोन परमाणूंचे द्व्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसतो तो त्रसरेणू. या हिशेबाने कन्नड-हिंदीची वाटणी मूळ कल्पनेला जवळची आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. मराठीने धुळीच्या कणाचा ‘रेणू’ उचलून मॉलिक्यूलला दिला. शब्द छोटा आहे, गोड आहे, आणि आता रुळलाही आहे. तो बदलायला मी सांगणार नाही. पण सीमाभागातल्या विज्ञानशिक्षकाने पहिल्याच तासाला हे दोन्ही हिशेब फळ्यावर शेजारी शेजारी मांडले नाहीत, तर मुलगा अकरावीला गेल्यावर आपल्याला रसायनशास्त्र जमत नाही असे समजतो. त्याला रसायनशास्त्र येत असते. त्याचा शब्द फक्त दुसऱ्या खुंटीला टांगलेला असतो.

आता दिसण्याकडे येऊ. निपाणीच्या परिसरात तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे चट्टे पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मोझॅक रोग ठाऊक आहे. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कळले होते. १८९८ साली हॉलंडच्या बायेरिंकने त्या अदृश्य कारणाला ‘व्हायरस’ म्हटले. १९३५ साली स्टॅन्लीने त्याचे स्फटिक केले. पण प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता. साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहणे शक्यच नव्हते, कारण प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम १८ नॅनोमीटर जाड अशी काडी आहे. बर्लिनमध्ये अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नोल यांनी १९३१ साली प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारा सूक्ष्मदर्शक केला होता. १९३९ साली कौशे, फानकुख आणि अर्न्स्टचा डॉक्टर भाऊ हेल्मुट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ही काडी पाहिली. माणसाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अगदी सुरुवातीला पाहिलेल्या विषाणूंपैकी एक तंबाखूचा होता. निपाणीच्या शाळेत हे शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. (जाता जाता: हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हाताने पसरतो. तंबाखू मळून टोमॅटोच्या रोपांना हात लावू नये असे सांगतात, ते यासाठीच.)

काडी दिसली, पण अणू दिसायला आणखी बराच काळ गेला. दोनशे किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर असते. लोखंडातले शेजारी अणू एकमेकांपासून ०.२५ नॅनोमीटरवर असतात. म्हणजे तरंगलांबी शंभरपट बारीक. तरी चित्र पुसट येई, कारण दोष भिंगात होता. हे भिंग काचेचे नसते, चुंबकीय क्षेत्राचे असते. अशा गोल भिंगाच्या कडेने जाणारे इलेक्ट्रॉन मधल्यांपेक्षा आधीच वळून एकत्र येतात, आणि हा दोष गोल भिंगात टाळताच येत नाही, हे शेर्झरने १९३६ साली गणिताने सिद्ध केले. पुढे १९४७ साली वाटही त्यानेच सुचवली: भिंग गोल ठेवू नका. ते यंत्रात उतरायला पन्नास वर्षे गेली. १९९८ साली हायडर, रोझ आणि उर्बान यांनी २०० किलोव्होल्टच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२४ वरून ०.१४ नॅनोमीटरपर्यंत आणली. त्या तिघांना आणि क्रिवानेक यांना २०२० चा काव्ली पुरस्कार मिळाला.

याचा उपयोग काय, असे उद्यमबागेतला कोणी फौंड्रीवाला विचारील, आणि त्याने विचारावेच. साध्या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांसारखा पसरतो. पाकळीची टोकदार कड म्हणजे चीर सुरू व्हायची जागा. त्याच रसात शेकड्याला काही शतांश मॅग्नेशियम टाकले की पाकळीचा गोळा होतो आणि ओतीव भाग वाकतो, पण चटकन तुटत नाही. गोळा साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतो. प्रत्येक फौंड्रीची लॅब तो रोज पाहते. पण पाकळीचा गोळा का होतो, याचा वाद पूर्णपणे मिटलेला नाही, आणि त्याचे उत्तर ग्रॅफाइट आणि लोखंड यांच्या सीमेवर कोणता अणू कुठे बसतो यात आहे.

सीमा हा शब्द आपल्याला जिव्हाळ्याचा आहे, आणि या शास्त्रातही बरेचसे महत्त्वाचे सीमेवरच घडते. विनायक द्रविड यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या आयआयटीतून १९८४ साली बी.टेक., अमेरिकेत लेहाय विद्यापीठातून पीएच.डी., आणि नंतर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक. तिथले सूक्ष्मदर्शकांचे मोठे केंद्र त्यांनी उभे केले. १९९० नंतरच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेट या सिरॅमिकमधल्या दोन स्फटिककणांच्या सीमेची अणुपातळीवरची रचना अभ्यासली. कणाच्या पोटात सगळे शिस्तीत असते. सीमेवर ओळी जुळत नाहीत, परके अणू तिथे गोळा होतात, विद्युतभार साचतो, आणि अख्ख्या वस्तूतून वीज कशी वाहणार हे तिथे ठरते.

चित्र कसे तयार होते हे सांगताना पुन्हा शब्द आडवा येतो. इलेक्ट्रॉन अणूवर आदळून विखुरतात. जड अणू जास्त विखुरतो म्हणून एका पद्धतीत तो जास्त उजळ दिसतो. या विखुरण्याला मराठी पुस्तकात ‘विकिरण’ म्हणतात. कन्नड आणि हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, ज्याला आपण प्रारण म्हणतो. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीबाहेर ‘विकिरण’ अशी पाटी लावली तर मराठी विद्यार्थी आत जाईल आणि कन्नड विद्यार्थी पळेल. इथे मात्र मी पाठ्यपुस्तकाची बाजू घेणार नाही. ‘विखुरणे’ हे घरचे क्रियापद आहे, कोणालाही कळते, आणि त्याने कोणी घाबरत नाही.

शेवटी लेखकमंडळींसाठी एक गोष्ट. वर्तमानपत्रात ‘अणूचा फोटो’ म्हणून जे ठिपके छापून येतात, त्यातला एकेक ठिपका बहुधा एक अणू नसतो. नमुना काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो. इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातो आणि एकामागे एक उभे असलेले अनेक अणू एकाच ठिपक्यात येतात. प्रार्थनेच्या रांगेकडे समोरून पाहिले तर पहिलाच मुलगा दिसतो, तसे. नमुना किंचित कलला की ठिपका पसरतो, म्हणून तो नेमका सरळ धरण्यातच दिवस जातो. इंग्रजीत याला ‘ॲटॉमिक कॉलम’ म्हणतात. ‘अणुस्तंभ’ हा शब्द सुचवला गेला तर मला तो देवळातल्या खांबासारखा जड वाटेल. मी वर्गात ‘अणूंची रांग’ म्हणतो. कन्नड शाळेतल्या सहकाऱ्यांशी बोलताना तेवढी ‘परमाणूंची रांग’ करावी लागते.