सामाईक तालिका आणि क्लाउड: पेण ते रोहा

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, तालिकेत त्याची लेखक, शीर्षक आणि विषय यांनुसार नोंद होते आणि सभासदाने ते नेले की देवघेवीच्या वहीत आणखी एक ओळ वाढते. या तिन्ही वह्या व सभासदांची यादी एकमेकींना जोडून एकाच संगणकीय कार्यक्रमात आणल्या म्हणजे ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली तयार होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने महाविद्यालयांसाठी ‘सोल’ ही प्रणाली तयार केली आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था ग्रंथालयाच्या संगणकीकरणाची विचारणा करू लागली. त्यामुळे पेण किंवा रोह्यासारख्या तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांना हा विषय टाळता येण्याजोगा राहिला नाही.

सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली असून त्यांतील बहुसंख्य स्थानिक संस्था चालवतात, शासन त्यांना वर्गानुसार अनुदान देते, आणि ड वर्गातील ग्रंथालयाला वेतन, पुस्तके, वृत्तपत्रे व वीजबिल हे सारे त्या तुटपुंज्या रकमेतून भागवावे लागते. अशा ठिकाणी संगणक आणणे एकवेळ जमते, पण तो बिघडला, त्यातील कार्यक्रम जुना झाला किंवा नोंदींची प्रत काढून ठेवायची राहून गेली, तर दुरुस्तीला माणूस कोठून आणायचा, हा प्रश्न कोणत्याही अनुदानाच्या तक्त्यात बसत नाही.

क्लाउड या शब्दाने जे सुचवले जाते ते आकाशात नसून जमिनीवरच्या बंदिस्त, वातानुकूलित इमारतीत असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, या केंद्र सरकारच्या संस्थेची अशी राष्ट्रीय माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे असून तेथील यंत्रांची शक्ती अनेक कार्यालयांना वाटून देणाऱ्या शासकीय योजनेला ‘मेघराज’ असे नाव आहे. याच संस्थेच्या ‘ई-ग्रंथालय’ या प्रणालीची चौथी आवृत्ती अशा सामाईक यंत्रणेसाठी बांधलेली आहे. तीत ग्रंथालयाकडे फक्त संगणक, इंटरनेटची जोडणी आणि प्रवेशाचे नाव असले की पुरते, आणि अनेक ग्रंथालयांचा गट एकाच माहितीसाठ्यावर काम करू शकतो. यंत्राची देखभाल परस्पर होते हा लाभ मोठाच, तरीही तो दुय्यम म्हटला पाहिजे, कारण खरा पालट गटाच्या तालिकेत होतो.

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या मधले स्थानक असलेल्या कासूच्या वाचकाला हवे असलेले पुस्तक उत्तरेला पेणमध्ये आहे, दक्षिणेला नागोठण्यात आहे की पुढे रोह्यात, हे घरबसल्या कळायचे असेल तर या गावांतील ग्रंथालयांची तालिका एकच असावी लागते. ही कल्पना क्लाउडपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन स्थापलेल्या संस्थेने २६ ऑगस्ट १९७१ रोजी दूरस्थ संगणकावर सामाईक तालिकीकरण सुरू केले आणि एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला तशीच वापरता येऊ लागली. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा जिल्ह्याचे उदाहरण कासूच्या परिसराला अधिक जवळचे आहे. लेव्हिन, फॉक्स्टन आणि शॅनन या तीन गावांची ग्रंथालये चालवणाऱ्या तेथील न्यासाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्याने ब्राउझरवर चालणारी ‘कोहा’ ही प्रणाली लिहवून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. तीच आज भारतातील अनेक ग्रंथालये वापरतात.

मराठीत मात्र तालिका एकत्र करणे केवळ यंत्रे जोडून साधत नाही. युनिकोडपूर्व काळात टंकलेल्या नोंदी विशिष्ट फाँटवर अवलंबून असतात. तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून त्या सगळ्या आधी रूपांतरित कराव्या लागतात. रूपांतर झाले तरी ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, परंतु शोधयंत्राला ती दोन पुस्तके वाटतात. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावावर आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावावर असल्याने, ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत अशी जोडनोंद कोणीतरी जाणत्या ग्रंथपालाने करावी लागते. हे काम प्रत्येक गावी स्वतंत्रपणे होणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ते जिल्ह्याच्या पातळीवर एकदा नीट झाले तर खालच्या ग्रंथालयांना फक्त आपल्या प्रतीचा दाखल क्रमांक जोडायचा उरतो.

कोकणातील निसर्ग या व्यवस्थेच्या बाजूनेही साक्ष देतो आणि विरुद्धही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा जुलै २०२१ च्या पुरात भिजली. अशा वेळी तालिका दूरच्या माहिती केंद्रात असेल तर निदान काय गमावले याची यादी तरी हाती राहते. उलट ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांत वीज आणि दूरध्वनी कित्येक दिवस बंद होते, आणि जोडणीशिवाय क्लाउडवरील देवघेव चालत नाही. म्हणून जोडणी नसताना नोंदवलेले व्यवहार नंतर मुख्य साठ्यात चढवण्याची सोय पाहूनच प्रणाली निवडावी, आणि ती नसेल तर देवघेवीची कागदी वही टेबलावरून हलवू नये.

खासगी कंपनीकडून भाड्याने सेवा घेतली जाते तेथे करार वाचण्याचा कंटाळा महाग पडतो. वर्गणी थकली किंवा कंपनी बदलायची झाली तर सर्व नोंदी ‘मार्क २१’ या ग्रंथालयांत सर्वमान्य असलेल्या नोंदस्वरूपात परत मिळतील, आणि कोणत्या सभासदाने काय वाचले याचा तपशील ग्रंथालयाबाहेर कोणालाही दिला जाणार नाही, ही दोन कलमे त्यात स्पष्ट असावी लागतात. पहिल्या कलमाची परीक्षा कराराआधीच घेता येते: शंभरएक मराठी नोंदी प्रणालीत भरून त्या बाहेर काढून पाहाव्यात, आणि जोडाक्षरे शाबूत राहिली आहेत का, हे ग्रंथपालाने स्वतः तपासावे.