एका पानावरची कविता
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात दिग्गी येथे केलेले भाषण)



चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शिक्षणाचा असेल अशी त्यांची समजूत असावी. परंतु शाळेविषयी आम्ही बारा महिने बोलतच असतो. आज आम्ही आपणा सर्वांच्या ट्रंकांविषयी बोलणार आहोत.

लग्नाच्या शालूखाली किंवा जमिनीच्या कागदांच्या बोचक्यात पुष्कळांच्या घरी एक गुलाबी किंवा पिवळा कागद घडी करून ठेवलेला असतो. त्यावर मंगलाष्टके छापलेली असतात. मांडवात अक्षतांबरोबर तो पाहुण्यांना वाटला जाई. आमच्या मुसलमान घरांत त्याच जागी सेहरा असतो. नवरदेवाच्या कपाळी बांधतात त्या फुलांच्या झालरीला सेहरा म्हणतात, आणि तीवरून त्या कवितेलाही तेच नाव पडले. 1852 साली दिल्लीत बादशहा जफर यांचे पुत्र जवाँबख्त यांचे लग्न झाले, त्या लग्नाच्या सेहऱ्यावरून गालिब आणि जौक या दोन थोर कवींत चुरस लागली होती. आपल्या रानात गालिब कोठून यावेत? येथे सेहरा लिहीत तो एखादा हौशी मामा, नाहीतर शेजारच्या गावचे मास्तर.

काव्य म्हणून यांतील बहुतेक रचना सामान्यच, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. शार्दूलविक्रीडितात वधूवरांची, आईबापांची आणि आजोळची नावे कोंबताना कवीची फार ओढाताण होते. ऱ्हस्वाचे दीर्घ होते, आणि मामाचे नाव काही केल्या बसेना तर त्याला नुसते 'मातुल' म्हणून मोकळे होतात. वृत्ते शिकवताना ही उदाहरणे आम्हांस फार उपयोगी पडतात!

मग असा कागद जपावा कशाला? आमच्या पाहण्यात आलेल्या एका पत्रकाचेच सांगतो. त्याच्या तळाशी लग्नाची तिथी आहे आणि 'मुक्काम सुपा' असे छापले आहे. ज्या गावावरून आपल्या तालुक्याला सुपा म्हणत, ते गाव आज काळी नदीच्या पाण्याखाली आहे. 1987 साली पूर्ण झालेल्या धरणाने ते घर, ते अंगण, तो मांडव घातलेली जागा सारे पोटात घेतले. माणसे रामनगरला व इतरत्र पांगली. त्या घरातल्या आजीबाईंजवळ आपल्या लग्नाचा फोटो नाही. त्या दिवशी त्या कोठे उभ्या होत्या, कोणकोण आले होते, याला त्या कागदाखेरीज लेखी पुरावा नाही. त्याच्या घड्यांवर आता भोके पडली आहेत. एक घडी नेमकी सासऱ्यांच्या नावावरून जाते.

असा जुना ऐवज जपण्याची कल्पना काही आमची नव्हे. शाहिरांचे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी होते. ती तोंडे एकेक करून मिटू लागली, तेव्हा ॲक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते मिळवून 1891 साली छापले. त्यामुळे आज अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आपल्याला वाचता येतो. ती कविता जिभेवर होती. आपली कागदावर आहे, आणि आपल्या पावसात कागदाला जिभेइतकेही आयुष्य नाही.

अमेरिकेत अशा एकपानी कवितांचे मोठमोठे संग्रह आहेत. आयझाया थॉमस नावाचे एक वृद्ध मुद्रक होते. त्यांनी 1814 च्या सुमारास बॉस्टनच्या एका छापखान्यातून, रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून अधिक गाणी विकत घेतली. सामान्य लोकांना त्या काळी काय आवडत होते ते पुढच्यांना कळावे, एवढाच हेतू. त्यांचे तीन खंड बांधून त्यांनी ते 1812 साली स्वतःच स्थापन केलेल्या वुस्टर येथील संस्थेला दिले, आणि ते आजही तेथे आहेत. थोर कवींची पुस्तके कोणीही जपतो; रस्त्यावरचे गाणे जपायला निराळी नजर लागते. पुढे डेट्रॉइटचे डडली रँडॉल, जे व्यवसायाने ग्रंथपाल होते, त्यांनी 1965 साली आपली कविता अशीच एका पानावर छापली. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये 1963 साली बाँब फुटून चार काळ्या मुली मारल्या गेल्या, त्यांच्यावरची ती कविता. त्या एका पानातून एक प्रकाशनसंस्था उभी राहिली.

आता कामाचे बोलू. आपल्या जंगलातला बांबू पूर्वी दांडेलीच्या गिरणीत जाऊन कागद होत असे, परंतु पत्रकांचा रंगीत कागद हलका, लवकर पिवळा पडणारा आणि ठिसूळ होणारा. त्यावर पावसाळ्याची ओल, बुरशी, कसर आणि वाळवी. म्हणून पावसाळ्यात जुनी घडी जबरीने उलगडू नका. हवा कोरडी झाल्यावर हलक्या हाताने उघडा आणि पुन्हा घडी घालू नका. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांच्या मध्ये सपाट ठेवा. फाटले म्हणून चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरे खातो. प्लॅस्टिकचे पक्के आवरण तर मुळीच चढवू नका; ते पुन्हा निघत नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून, फडक्याच्या पुरचुंडीत, कागदाला न चिकटता. कोण, कोणाचे, कोठले, हे मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने हलके लिहा. शाई फुटते. मुलांच्या हाती मोबाईल आहेत, त्यांच्याकडून फोटो काढून घ्या. मात्र तळाची बारीक ओळ सुटू देऊ नका, कारण छापखान्याचे नाव बहुधा तेथेच असते.

ट्रस्टकडे आमची मागणी लहान आहे. कचेरीतील एक लोखंडी कपाट, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर. आपण सर्वांनी दिवाळीनंतर आपापली पत्रके शाळेत घेऊन यावे. मराठी, उर्दू, कोकणी, कानडी, सगळी चालतील. मंगलाष्टके, सेहरे, निरोपाच्या कविता, श्रद्धांजलीची पद्ये, काहीही. ज्यांना मूळ कागद द्यावयाचा नाही त्यांचा फोटो काढून कागद तेथल्या तेथे परत देऊ. उर्दूतले सेहरे बाळबोध लिपीत उतरवून देण्याचे काम आमच्याकडे. आजीबाईंचा तो कागद पहिला येणार आहे; त्यांनी तसा शब्द दिला आहे, पण आधी कपाट दाखवा म्हणतात.