पाहुणा कोण?



मी चित्रकला शिकलेलो नाही. इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि रविवारी ॲक्रिलिकनं पक्षी रंगवतो. इथं लावलेल्या नऊ चित्रांपैकी सात एकाच पक्ष्याची आहेत. हा पक्षी म्हणजे भोरडी. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. ज्वारीच्या दिवसांत संध्याकाळी आभाळात वळणं घेणारे तिचे प्रचंड थवे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील.

तिची वीण मध्य आशिया आणि पूर्व युरोपातल्या गवताळ प्रदेशात होते, म्हणून आपण तिला ‘पाहुणी’ म्हणतो. पण हिशेब करा. जुलै-ऑगस्टपासून ती भारतात येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. वर्षातले सात-आठ महिने इथं काढणारी ही पाहुणी कशी?

हा प्रश्न मला घरातच भेटला. अब्बांनी कुवेतमध्ये सव्वीस वर्षं काढली. तिकडं ते कायम परदेशी. दापोलीजवळच्या आमच्या गावात महिनाभर येत, तर ‘कुवेतवाले’. अम्मी त्यांच्यासाठी कपाटातले चांगले कप काढायची. एकदा ते म्हणाले, “अगं, हे पाहुण्यांचे कप. माझा रोजचा कुठाय?” त्यांचा रोजचा कप घरात नव्हताच.

मग माझी पाळी आली. पुण्यात भाड्यानं घर शोधताना एजंटनं नाव ऐकून विचारलं, “मूळचे कुठले?” मी म्हणालो, “दापोलीचा.” तो म्हणाला, “हो, पण त्याच्या आधीचे?” संध्याकाळी निरोप आला, मालकांचा बेत बदलला.

त्या आठवड्यात मी पहिली भोरडी रंगवली. आधी सगळ्या कॅनव्हासवर जांभ्या दगडाचा तांबूस रंग दिला. ॲक्रिलिक काही मिनिटांत सुकतं. एकदा सुकलं की पाण्यानं निघत नाही. वरून कितीही थर द्या, खालचा थर तिथंच असतो. जवळ जाऊन बघा, प्रत्येक पक्ष्याच्या कडेला तो तांबूसपणा दिसेल. मी मुद्दाम तो झाकलेला नाही.

‘पक्ष्यांना सीमा नसतात’ असं वाक्य ऐकायला छान वाटतं. पण भोरडी हौस म्हणून उडत नाही, पोटामागं उडते. आपल्याकडं ती ज्वारी खाते म्हणून शेतकरी तिच्यावर गोफण चालवतो. चीनच्या शिनजियांगमध्ये ती टोळ खाते म्हणून तिला घरट्यांसाठी जागा बांधून देतात. पक्षी तोच. उपयोगी असला तर आपला, नाहीतर उपद्रवी.

माणसांनी हा हिशेब स्वीकारू नये, एवढंच मला सांगायचंय. आपण तरुण मंडळी किती शिकलो, किती कर भरतो, किती उपयोगी आहोत, हे सांगून जागा मागत राहतो. शिका, कमवा, जरूर. पण ती राहण्याची फी नव्हे. भारतात कुठंही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क नागरिकाला संविधानाच्या कलम १९ नं दिला आहे. त्यात गुणपत्रिका मागितलेली नाही.

मी दापोलीहून पुण्याला आलो, म्हणजे स्थलांतरित आहे. ते खुशाल म्हणा. पण स्थलांतरित आणि परका हे दोन वेगळे शब्द आहेत.

अब्बा आता गावीच असतात. त्यांचा रोजचा कप आहे, त्याचा कान तुटलाय. शेवटच्या चित्रात पक्षी नाही, तो कप आहे. तोही बघून जा.