दोन रंगांच्या मधला रंग

थरांच्या चित्रफायलीत कोड लिहून ग्रेडियंट कसा द्यायचा, यावर मी बोलावं असं आकाशवाणीने सुचवलं आहे. ग्रेडियंट म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्या रंगात जाणं. दिवाळीच्या दिवसांत मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांमध्ये वर पिवळी, खाली तांबूस होत जाणारी सोनेरी अक्षरं असतात ना, तो ग्रेडियंट. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही तो हमखास दिसतो.

अशी चित्रं पुष्कळदा फोटोशॉपमध्ये तयार होतात. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आलं आणि १९९४ साली त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या रंगवलेल्या काचा समजा. मागे आकाश, त्यावर माणूस, त्यावर अक्षरं. एक काच सरकवली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये हे सगळे लेयर वेगवेगळे जपलेले असतात.

आता नीट ऐका. अक्षरांच्या लेयरला आपण ग्रेडियंट ओव्हरले देतो, तेव्हा मूळ अक्षरांवर रंग फासला जात नाही. फाइलमध्ये सूचना लिहिली जाते: सुरुवातीला हा रंग, शेवटी तो रंग, कोन इतका. रंग फासला जात नाही, सूचना लिहिली जाते. आणि सूचना आहे म्हणूनच प्रोग्रामला ती वाचता येते, त्याप्रमाणे रंग काढता येतो. शाळेच्या बक्षीस समारंभाची तीनशे प्रमाणपत्रं करायची असली, तर प्रोग्राम नावं बदलत जातो आणि प्रत्येक नावाला तीच छटा देतो.

तो करतो काय? चित्रातल्या एकेका ठिपक्यापाशी जातो आणि तो सुरुवातीपासून किती लांब आहे ते मोजतो. पाव अंतरावर असेल, तर पहिल्या रंगाचे तीन हिस्से आणि दुसऱ्याचा एक. लेयर जिथे रिकामा आहे, तिथे काही उमटत नाही, म्हणून छटा अक्षराच्या वळणातच राहते. गणित इतकंच.

पण खरी गंमत मधल्या रंगात आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे. लालपासून हिरव्यापर्यंत ग्रेडियंट द्या. पडद्यावर लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र आले की पिवळा दिसतो. म्हणजे मध्यावर छान उजळ पिवळा यायला हवा. साधा कोड मात्र तिथे मळकट शेवाळी रंग देतो. का?

संगणक प्रत्येक रंगाला शून्य ते २५५ असा आकडा देतो. मध्यावर लालचा आकडा १२८ आणि हिरव्याचाही १२८. वाटतं, निम्मं निम्मं झालं. पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात! आपल्या डोळ्यांना गडद छटांमधले बारीक फरक जास्त कळतात, त्यामुळे आकड्यांची वाटणीही गडद बाजूला अधिक केलेली असते. १२८ म्हटलं की पडदा पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम एक पंचमांश प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशाचा आकडा आहे १८८. म्हणून आधी आकड्यांचा प्रकाश करायचा, मग मिसळायचं, मग पुन्हा आकडे करायचे. आधी प्रकाश, मग मिसळणं. हा क्रम लक्षात ठेवा.

याच्याही पुढची पायरी म्हणजे डोळ्याला सारखी वाटेल अशी उतरण. त्यासाठी ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२० साली ओकेलॅब ही रंग मोजण्याची पद्धत मांडली. फोटोशॉपच्या २०२२च्या आवृत्तीपासून ग्रेडियंटचे रंग मिसळण्यासाठी क्लासिक, लिनियर आणि पर्सेप्च्युअल असे पर्याय मिळतात. तिन्ही एकाखाली एक काढून बघा, डोळ्यांनाच फरक कळेल.

इथे माझ्या विद्यार्थ्यांना थोडं रागवायचं आहे. तयार कोड उतरवून घेतात, दोन्ही टोकांचे रंग जुळले की काम झालं म्हणतात. अरे बाळांनो, टोकं तर तुम्हीच दिलेली असतात, कोडने काय केलं ते मध्येच दिसणार! आणि फाइल पुढे पाठवताना सगळे लेयर एकत्र करून टाकतात. मग सूचना गेली, नुसता रंग उरला. नंतर ग्राहक म्हणाला, सोनेरी नको, चंदेरी करा, की बसा पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक मुद्दा होता, पट्ट्यांचा. दोन रंगांत वीसच आकड्यांचं अंतर असेल आणि चित्र दोन हजार ठिपके रुंद असेल, तर एकेक छटा शंभर ठिपके पसरते आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. ठिपक्यांमध्ये किंचित अनियमितपणा मिसळला की ते विरतात, त्याला डिदरिंग म्हणतात. त्यावर सविस्तर बोलायला हवं होतं, पण वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेव्हा एवढंच सांगतो: मूळ फाइल लेयरसकट जपा, आणि ग्रेडियंट दिलात की सगळ्यात आधी त्याचा मध्य तपासा.